फिर्याद कुणी द्यायची? आफ्रिकेतले समलिंगी संबंधांचे कायदे आणि बायकांवरची हिंसा

रानजाई (धागाकर्ती)

युगांडाच्या २०२३ च्या समलिंगीविरोधी कायद्यावरून दुसऱ्या धाग्यावर जुंपली होती. बघता बघता ती 'त्यांची संस्कृती' विरुद्ध 'गोऱ्यांची ढवळाढवळ' अशी झाली आणि मला जे म्हणायचं होतं ते तिथे अवांतर ठरलं असतं. म्हणून हा वेगळा धागा.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कायदे हा एक विषय, बायकांवर होणारी हिंसा हा दुसरा, असं आपण धरून चालतो. संस्था वेगळ्या, मोर्चे वेगळे. पण पोलिस ठाण्याच्या पायरीवर हे दोन्ही विषय एकमेकांत घुसतात. एखादी बाई दुसऱ्या बाईसोबत राहते हे गल्लीला माहीत असतं. गल्लीतलीच पोरं तिला 'सुधारायचं' म्हणून तिच्यावर बलात्कार करतात. ती फिर्याद द्यायला गेली तर हवालदार विचारणार, तुझ्याच मागे का लागले? या प्रश्नाचं खरं उत्तर जिथे गुन्ह्याची कबुली ठरतं, तिथे ती बाई घरीच बसते. आणि हे करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

आफ्रिकेत ५४ देश. त्यांतल्या तीसहून अधिक देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत. युगांडात जन्मठेप, आणि कायद्यानं 'गंभीर' ठरवलेल्या प्रकारांना फाशीपर्यंत. नायजेरियात २०१४ च्या कायद्यानुसार समलिंगी लग्नाला १४ वर्षं, आणि अशा लोकांची संघटना चालवणाऱ्याला किंवा तिला पाठिंबा देणाऱ्याला १० वर्षं. टांझानियात ३० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. उलट बाजूला मोझांबिक (२०१५), सेशेल्स (२०१६), बोट्स्वाना (२०१९), अंगोला, मॉरिशस (२०२३), नामिबिया (२०२४) यांनी हे गुन्हे पुस्तकातून काढले किंवा त्यांच्या कोर्टांनी ते रद्द केले. गॅबनचा प्रकार तर अजबच. २०१९ मध्ये आयुष्यात पहिल्यांदा गुन्हा ठरवला आणि २०२० मध्ये मागे घेतला. बुर्किना फासोनं मात्र २०२५ मध्ये नव्यानं गुन्हा आणला.

आणि मग दक्षिण आफ्रिका. लैंगिक कलावरून भेदभाव करता येणार नाही असं तिथल्या १९९६ च्या राज्यघटनेत स्पष्ट लिहिलंय, जगात पहिल्यांदा. २००६ च्या नोव्हेंबरपासून समलिंगी लग्नही कायदेशीर. त्याच २००६ च्या फेब्रुवारीत केप टाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीत १९ वर्षांच्या झोलिस्वा न्कोन्यानाला पोरांच्या टोळक्यानं ठार मारलं, ती लेस्बियन होती म्हणून. शिक्षा व्हायला २०१२ साल उजाडलं.

तर प्रश्न असा, की कायदा बदलल्यानं नेमकं काय बदलतं?

टवाळ

काही नाही. पुढचा धागा?

नैरोबीकर

टवाळ, तसं म्हणणं सोपं आहे हो. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं नैरोबीत आहे, इथलं सांगतो.

२७ जानेवारी २०२४ ला इथे बायकांचा प्रचंड मोर्चा निघाला. त्या महिन्यात एकामागून एक तरुणींचे खून झाले होते, थोड्या दिवसांसाठी भाड्यानं मिळणाऱ्या फ्लॅटांमध्ये. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये इटेनला धावपटू अॅग्नेस टिरोप घरात भोसकलेल्या अवस्थेत सापडली होती. महिनाभरापूर्वीच तिनं फक्त महिलांच्या दहा किलोमीटर शर्यतीचा जागतिक विक्रम मोडला होता. मग सप्टेंबर २०२४, रेबेका चेप्तेगेई. मूळची युगांडाची, पॅरिस ऑलिंपिकची मॅरेथॉन धावून महिनाही झाला नव्हता. इथल्या ट्रान्स न्झोइया भागात जमिनीच्या तंट्यातून पूर्वीच्या जोडीदारानं अंगावर पेट्रोल ओतून पेटवलं. चार दिवस एल्डोरेटच्या इस्पितळात काढून गेली.

यांत समलिंगी संबंधांचा काडीचाही संबंध नाही, हे मान्य. पण कायदा कुणाला माणूस मानतो आणि कुणाला नाही, हे बघायचं तर केनिया मजेशीर जागा आहे. इथला लैंगिक गुन्ह्यांचा कायदा २००६ चा. तो संसदेत आणला न्जोकी न्दुंगू या नियुक्त खासदारबाईंनी. मूळ मसुद्यात नवऱ्यानं बायकोवर केलेला बलात्कारही गुन्हा होता. विधेयक पास होईपर्यंत तो भाग गळाला. कायदेशीर विवाह असेल तर ती कलमं लागू नाहीत, असं उपकलमच त्यात बसलं.

आता पुढची गोष्ट ऐका. या न्दुंगू पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या. समलिंगी लोकांना कायदेशीर मदत देणारी एक संघटना, राष्ट्रीय गे आणि लेस्बियन मानवाधिकार आयोग असं तिचं नाव, सरकार नोंदवून घेईना. दहा वर्षं कोर्टकचेरी चालली. २४ फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला, की नोंदणी नाकारणं हा भेदभाव आहे. त्या तिघांत न्दुंगू एक. म्हणजे नवऱ्याच्या बलात्काराचं कलम ज्यांच्या मसुद्यातून गळालं, त्याच बाई इथेही.

आणि तरी २०१९ च्या मे महिन्यातला उच्च न्यायालयाचा निकाल उभाच आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी कलम १६२ आणि १६५ वैध, १४ वर्षांची शिक्षा पुस्तकात कायम. संघटना कायदेशीर, तिच्याकडे मदत मागायला येणाऱ्याचं आयुष्य बेकायदेशीर. अशी इथली अवस्था.

जुना वकील

या १६२ चा जन्मदाखला मुंबईच्या दप्तरातून जातो, हे इथल्या फार जणांना माहीत नसेल. म्हणून सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढचा प्रतिसाद वाचा.

आपलं ३७७ हे १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं. ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेत पाय रोवले तेव्हा नवे कायदे लिहीत बसण्यापेक्षा हिंदुस्थानचे उचलून नेले. १८८४ च्या हुकमानं झांझिबारचं ब्रिटिश न्यायालय हे मुंबई इलाख्यातलं जिल्हा न्यायालय असल्यासारखं धरलं गेलं आणि तिथली अपिलं मुंबई उच्च न्यायालयात येऊ लागली. आज जी केनिया आहे त्या भागात भारतीय दंड संहिता १८९७ पासून लागू होती, १९३० पर्यंत. म्हणजे किनाऱ्यावरच्या मोंबासात कुणावर खटला भरला तर कलम तेच, जे ठाण्यात किंवा रत्नागिरीत लागलं असतं.

१९३० मध्ये केनिया आणि युगांडा दोघांनाही नवी संहिता मिळाली, तिचं घराणं वेगळं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडसाठी सॅम्युअल ग्रिफिथ यांनी १८९९ ची संहिता लिहिली. ती आधी उत्तर नायजेरियात आली, १९१६ मध्ये सगळ्या नायजेरियात, आणि तिथून पूर्व आफ्रिकेत. ३७७ मध्ये नसलेली एक गोष्ट या शाखेत आहे. करणाऱ्याबरोबर करू देणाराही गुन्हेगार, आणि नुसता प्रयत्नही गुन्हा. नायजेरियाच्या उत्तर भागानं १९६० मध्ये परत दुसरी संहिता घेतली. ती सुदानवरून, आणि सुदानची १८९९ ची संहिता भारतावरून. म्हणजे एकाच देशात भारतीय संहिता लिहिणाऱ्या मेकॉलेचाही वारस आणि ग्रिफिथचाही.

फ्रेंचांच्या बहुतेक वसाहतींत हे नव्हतं, कारण फ्रान्सनं १७९१ मध्येच हा गुन्हा रद्द केला होता. आयव्हरी कोस्टमध्ये तो कधीच नव्हता. आज हे कलम असलेला सेनेगल एक अपवाद, पण तिथेही ते स्वातंत्र्यानंतर १९६६ मध्ये बसवलं गेलं.

तिरकस

काका, माहिती उत्तम. पण 'सगळं इंग्रजांनी केलं' हे पालुपद मला पटत नाही. साठ वर्षं झाली ना जाऊन? बोट्स्वानानं १९९८ मध्ये दुरुस्ती केली, ती कशासाठी? जुनं कलम पुरुषांपुरतं वाचलं जायचं, मग समानता हवी म्हणून बायकांनाही त्यात घेतलं. युगांडानंही २००० मध्ये तसंच. समान शिक्षेचा अधिकार! याला इंग्रज जबाबदार नाहीत.

आणि २००९ नंतरची लाट तर पूर्ण घरची, थोडी अमेरिकेतून मागवलेली. मार्च २००९ मध्ये स्कॉट लाइव्हली नावाचा अमेरिकन धर्मप्रचारक युगांडाच्या राजधानीत, कंपालात येऊन भाषणं देऊन गेला आणि त्याच वर्षी खासदार डेव्हिड बहाती यांनी विधेयक आणलं. २०१० मध्ये तिथल्या एका साप्ताहिकानं लोकांची नावं, फोटो छापले आणि मथळ्यात यांना फाशी द्या असं लिहिलं. त्यात डेव्हिड काटो हे कार्यकर्ते होते. ते कोर्टात गेले, जिंकले, आणि २६ जानेवारी २०११ ला घरात घुसून त्यांचा खून झाला. बहातींच्या विधेयकातून झालेला २०१४ चा कायदा कोर्टानं पाडला तो केवळ संसदेत गणसंख्या नव्हती या कारणावर. मग २०२३ चा आला. एप्रिल २०२४ मध्ये घटनापीठानं चारेक तरतुदी काढल्या. अशा माणसाला घर भाड्यानं देणं किंवा त्याची माहिती पोलिसांना न कळवणं हा गुन्हा राहिला नाही. बाकीचा कायदा जसाच्या तसा.

अवांतर, पण राहवत नाही. 'हे आफ्रिकेत नव्हतंच' म्हणणारा युगांडा दर ३ जूनला नामुगोंगोला लाखोंनी जमतो. कशासाठी? १८८६ मध्ये आजच्या युगांडातल्या बुगांडा राज्याचा राजा दुसरा म्वांगा यानं ख्रिस्ती झालेल्या आपल्या दरबारातल्या तरुण सेवकांना जाळून मारलं, त्या हुतात्म्यांसाठी. सत्ता, धर्म, परक्यांची भीती अशी बरीच कारणं होती, पण मिशनऱ्यांच्याच सांगण्यानुसार एक कारण हे, की त्या मुलांनी राजाच्या अंथरुणात जायला नकार दिला. म्हणजे नव्हतंच म्हणायचं आणि होतं म्हणून जत्राही भरवायची.

रानजाई

तिरकस, म्वांगाचं उदाहरण दुधारी आहे. मालकानं चाकरांवर केलेली जबरदस्ती ती. विरोधक तेच उचलून म्हणतील की बघा, हे असंच असतं.

त्यापेक्षा मला केनियातल्या नंदी लोकांची चाल जास्त बोलकी वाटते. मूल नसलेली प्रौढ बाई रीतसर देज देऊन दुसऱ्या बाईशी लग्न लावते, त्या धाकटीची मुलं थोरलीची वारस. २०११ मध्ये मोंबासाच्या उच्च न्यायालयानं अशा लग्नातल्या 'पत्नी'चा वारसाहक्क मान्य केला. यात शरीरसंबंध अभिप्रेत नसतो, तेव्हा याला समलिंगी विवाह म्हणून नाचवू नये. पण 'नवरा' ही जागा बाई भरू शकते, हे तिथल्या जुन्या समाजाला झेपत होतं.

अभ्या सोलापूरकर

मी एरवी वाचनमात्र असतो, पण इथे लिहावंसं वाटलं. कौटुंबिक हिंसेच्या केसेसमध्ये बायकांसोबत ठाण्यात जाणाऱ्या एका संस्थेत काम करतो.

रानजाईताई, तुमचा मुद्दा तत्त्वतः बरोबर. पण व्यवहारात? नवऱ्याच्या, प्रियकराच्या, घरच्यांच्या हातून मरणाऱ्या बायका कैकपटींनी जास्त. त्यांच्यासाठी कायदा करून घ्यायचा तर चर्च, मशीद, गावचे म्हातारे सगळ्यांना सोबत घ्यावं लागतं. त्यात तुम्ही लेस्बियन बायकांचा विषय जोडलात की समोरचा उठून जातो. मग जिचा दात पडलाय तिलाही काही मिळत नाही. केनियात नवऱ्याचं कलम गळालं तेव्हा पुरुष खासदार हेच तर म्हणत असणार, की आज हे, उद्या आणखी काय. दोन लढाया वेगळ्या ठेवणं हा भित्रेपणा नाही, हिशोब आहे.

टवाळ

अभ्याशी सहमत. (हे पहिल्यांदाच होतंय, नोंद घ्यावी.)

रानजाई

अभ्या, तुमचं काम माहीत आहे म्हणून नीट उत्तर देते.

वेगळं ठेवायचं हे आपण ठरवतो. समोरचे ठेवत नाहीत. युगांडाच्या संसदेत तो कायदा रेटणाऱ्या सभापती अनिता अमंग स्वतः बाई आहेत. 'कुटुंब वाचवा' हे त्या सगळ्या विधेयकांचं ब्रीद. आणि त्याच युगांडात नवऱ्यानं केलेला बलात्कार आजही गुन्हा नाही. कुटुंब वाचवायचं म्हणजे बाहेरच्याला आत डोकावू द्यायचं नाही. आतली मारहाणही त्यातच झाकली जाते.

बोट्स्वाना मात्र उलट वाटेनं गेला. २०१८ च्या अखेरीस तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोक्ग्वीत्सी मासिसी बायकांवरच्या हिंसेविरोधातल्या कार्यक्रमात बोलत होते. सोळा दिवसांची मोहीम असते ना, त्यातला. तिथे ते म्हणाले की देशात समलिंगी नात्यात राहणारे पुष्कळ लोक आहेत, त्यांच्यावरही अत्याचार होतात, भेदभावाच्या भीतीनं ते गप्प राहतात, आणि इतर नागरिकांसारखंच त्यांनाही संरक्षण मिळायला हवं. बघा, कोर्टाचा निकाल तेव्हा लागायचा होता. सात वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम जागेवर होतं. कुणी उठून गेलं नाही. ११ जून २०१९ ला न्या. मायकेल लेबुरू यांच्या पीठानं ते कलम रद्द केलं, सरकार अपिलात गेलं, आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला अपील न्यायालयानं एकमतानं फेटाळलं. निकाल सरकारनं मानला. एक तरुण विद्यार्थी कोर्टात गेला होता, त्याच्यामागे लेगाबिबो ही समलिंगी लोकांची संघटना उभी होती. तिलाही स्वतःच्या नोंदणीसाठी २०१६ पर्यंत भांडावं लागलं होतं.

आफ्रिकी मानवाधिकार आयोगाचा २७५ क्रमांकाचा ठरावही बघा, २०१४, लुआंडा. लग्न, संबंध यांवर त्यात अवाक्षर नाही. फक्त एवढंच, की लैंगिक कलावरून किंवा लिंगओळखीवरून होणारी हिंसा सरकारांनी थांबवावी, तपास करावा, शिक्षा द्यावी. ज्या देशांना समलिंगी हा शब्दही चालत नाही त्यांच्याच आयोगानं हे केलं. त्याच आयोगावर नंतर सरकारांनी दबाव आणला आणि २०१८ मध्ये आफ्रिकी लेस्बियनांच्या आघाडीचा निरीक्षक दर्जा काढून घ्यायला लावला, हेही खरं.

डॉ. गवतीचहा

वैद्यकीय बाजू कुणी लिहिली नाही म्हणून.

बलात्कारानंतर एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेत या रोगाचं प्रमाण बघता हे ७२ तास फार मोलाचे. माणूस तीन दिवस घरात बसून 'सांगू की नको' असा विचार करत राहिला तर पुढच्या खटल्याचं राहू द्या, तब्येतीचंच नुकसान कायमचं. जिथे दवाखान्यात खरं बोलायची भीती असते तिथे हे तास वाया जातात. एप्रिल २०१४ मध्ये, पहिला कायदा लागू असताना, कंपालातल्या एका एचआयव्ही संशोधन-उपचार केंद्रावर पोलिसांनी धाड घातली होती. अशी एक धाड पुरते. पुढचे कित्येक महिने लोक फिरकत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेनं यावर एक चांगली गोष्ट उभी केली. थुथुझेला केंद्रं. पहिलं २००० मध्ये केप टाउनच्या मॅनेनबर्ग भागातल्या सरकारी इस्पितळात. डॉक्टर, समुपदेशक, तपास अधिकारी, सरकारी वकिलाचा माणूस एका छपराखाली, आंघोळीची सोय, बदलायला कपडे. बाईनं चार खिडक्यांवर चार वेळा तीच कहाणी सांगायची नाही. आता साठाच्या वर केंद्रं आहेत. शिवाय तिथला २००७ चा कायदा बलात्काराची व्याख्या करताना स्त्री-पुरुष बघत नाही, पुरुषावर झालेलाही बलात्कारच.

युगांडात बलात्कार फक्त बाईवर किंवा मुलीवर होऊ शकतो, कायद्याच्या लेखी. काँगोच्या युद्धातून पळून कंपालात आलेल्या पुरुषांवर सैनिकांनी जे केलं होतं, ते माकेरेरे विद्यापीठाच्या निर्वासित कायदा प्रकल्पानं जगापुढे आणलं. त्या पुरुषांना डॉक्टरकडे जायची भीती कसली? की आपल्यालाच समलिंगी म्हणून धरतील. बायका-मुलं असलेले संसारी लोक हे. हा कायदा फक्त 'त्या' लोकांना लागतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सांगितलं.

तिरकस

डॉक्टर, थुथुझेला छान. पण मग टवाळचा पहिला प्रतिसाद चुकला कुठे? एवढी केंद्रं, एवढी राज्यघटना, आणि तरी तिथे वर्षाला चाळीस हजारांच्या वर बलात्कार नोंदले जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये केप टाउन विद्यापीठातली उयिनेने म्रवेत्याना पार्सल आणायला पोस्टात गेली, तिथल्याच कर्मचाऱ्यानं तिच्यावर बलात्कार करून मारलं. सरकारी पोस्ट, भरदिवसा. देश रस्त्यावर आला, राष्ट्रीय आराखडा झाला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, जोहान्सबर्गला जी-२० परिषद भरायच्या तोंडावर, बायकांनी काम बंद ठेवलं तेव्हा सरकारनं याला राष्ट्रीय आपत्ती जाहीर केलं. पूर, दुष्काळ यांच्या रांगेत.

नैरोबीकर

तिरकस, चाळीस हजार *नोंदले* जातात. शेजारच्या देशांचे आकडे कमी दिसतात ते तिथे कमी घडतं म्हणून नव्हे.

जुना वकील

नैरोबीकरांचा मुद्दा बरोबर, पण दक्षिण आफ्रिकेला त्यानं पूर्ण सुटका मिळत नाही. युडी सिमेलाने हे प्रकरण वाचा. राष्ट्रीय महिला फुटबॉल संघातली खेळाडू, उघडपणे लेस्बियन म्हणून जगणारी. एप्रिल २००८, जोहान्सबर्गच्या पूर्वेकडची क्वाथेमा वस्ती. सामूहिक बलात्कार, मग भोसकून ओढ्यात टाकलेली. दोघांना शिक्षा झाली, एकाला जन्मठेप. पण ती लेस्बियन असण्याचा खुनाशी काही संबंध नाही, असं न्यायाधीशांनी नोंदवलं. म्हणजे गुन्हेगार सापडले, शिक्षा झाली, आणि गुन्ह्याचं कारण मात्र दप्तरात आलं नाही. २०१२ मध्ये न्कोन्यानाच्या खटल्यात मात्र द्वेष हा शिक्षा वाढवणारा घटक धरला गेला. एका खालच्या न्यायालयानं तो धरला, हे महत्त्वाचं. द्वेषमूलक गुन्ह्यांचा स्वतंत्र कायदा व्हायला तिथे २०२४ साल यावं लागलं. १९९६ ते २०२४. कलम रद्द करणं एका निकालाचं काम आहे. तपास कसा करायचा हे हवालदाराच्या हाताला शिकवायला पिढी जाते. रानजाईंच्या मूळ प्रश्नावर माझं उत्तर म्हणाल तर हे.

पोर्टलुईकर मंदा

नमस्कार मंडळी. मी मॉरिशसची. आमचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यांवर आले. गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल, पण आमच्या २५० कलमाबद्दल इथे कुणी बोललं नाही.

ते १८३८ चं. दंडसंहिता फ्रेंच वळणाची, राज्य इंग्रजांचं, आणि हे कलम इंग्रजांचं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. ४ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दोन प्रौढांनी खासगीत, राजीखुशीनं केलेल्या गोष्टीला ते लावणं घटनाबाह्य. हे कलम इथल्या लोकांच्या मूल्यांतून आलेलं नाही, वसाहतीच्या वारशात मिळालं, असंही निकालात आहे. प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरतं ३७७ काढणाऱ्या भारताच्या २०१८ च्या नवतेज जोहर निकालाचा आधार घेतलाय. बोट्स्वानानंही घेतला होता. केनियाच्या न्यायाधीशांनी तो वाचला आणि बाजूला ठेवला.

आमच्याकडे वातावरण युगांडासारखं कधीच नव्हतं. तरी २०१८ मध्ये पोर्ट लुईची प्राइड मिरवणूक विरोधकांच्या धमक्यांमुळे रद्द करावी लागली होती. आमच्या समाजात निकालावर जाहीरपणे कुणी काही बोललं नाही, बाजूनंही नाही, विरोधातही नाही. मंडळाच्या कार्यक्रमात विषय निघाला की चहा येतो.

टवाळ

चहा येतो, हे फार आवडलं.

बरं, आता गंभीरपणे. जागतिक बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये युगांडाला नवी कर्जं थांबवली होती ना? त्यानं काही झालं?

तिरकस

झालं ना. राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींना भाषणाला विषय मिळाला. कायदा हलला नाही, आणि जून २०२५ मध्ये बँक परत आली. मधल्या काळात कोर्टातून चार तरतुदी गेल्या त्या कंपालातल्याच लोकांनी लढून घालवल्या.

डॉ. गवतीचहा

आणि पैसे थांबले की आधी दवाखाने आटतात. बाळंतपणाच्या खाटाही त्याच पैशातून. माझ्या मते मदत रोखणं हे सर्वांत आळशी हत्यार आहे.

जुना वकील

निघता निघता घरचं. नवतेज निकालानं ३७७ पूर्ण रद्द केलं नव्हतं. जबरदस्तीच्या बाबतीत ते शिल्लक होतं, पुरुषांना तेवढाच आधार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. आणि बलात्काराच्या कलम ६३ मध्ये पीडित फक्त स्त्री, शिवाय नवऱ्याला सूट, बायको १८ वर्षांवरची असली की. तेव्हा आज पुण्यात प्रौढ पुरुषावर जबरदस्ती झाली तर त्याला बलात्काराची फिर्याद देता येत नाही. तृतीयपंथी व्यक्तीवर झाली तर २०१९ च्या कायद्यात जास्तीत जास्त दोन वर्षं. डॉक्टर युगांडाबद्दल जे सांगत होत्या ते आठवलं म्हणून लिहिलं.

अभ्या सोलापूरकर

हे मात्र आम्हाला रोज आडवं येतं काका. एक मुलगा आला होता आमच्याकडे, त्याला कुठलं कलम सांगायचं यावर वकिलांतच वाद.

नैरोबीकर, एक विचारतो. तिकडे समजा अशी बाई मारहाण होऊन आली, तर प्रत्यक्षात ती काय करते? ठाण्यात एकटी जाते?

नैरोबीकर

एकटी सहसा नाही. इथे मारहाण असो की बलात्कार, पोलिसांचा पी-३ नावाचा फॉर्म लागतो. त्यावर डॉक्टरनं जखमा भरून दिल्या की केस उभी राहते. फॉर्म फुकट आहे, पण तो मिळवायला ठाण्यात जावंच लागतं आणि तिथे कुणी, का मारलं हे सांगावं लागतं. बऱ्याच ठाण्यांत बायकांसाठी वेगळं टेबल आहे, त्यावर कोण बसलंय यावर सगळं अवलंबून. २०२३ मध्ये जिंकली ती संघटना वकील सोबत पाठवते, आधी पाठवायची तीही नोंदणीशिवाय. निकालानंतर खासदार पीटर कालुमा फेरविचारासाठी कोर्टात गेले, सप्टेंबर २०२३ मध्ये तो अर्जही फेटाळला गेला. त्याच वर्षी त्यांनी कुटुंब संरक्षण नावाचं विधेयकही पुढे केलं. ते मंजूर झालं तर ठाण्यात सोबत जाणारा तो वकीलच कायद्याच्या कचाट्यात येईल. म्हणून इथले लोक सध्या कलम १६२ पेक्षा त्या विधेयकावर जास्त नजर ठेवून आहेत.